आठवी प्रत

नेवाळी नाक्यावर रिक्षा अडकली की उतरून चालत सुटावं असं वाटतं. मग रस्त्याला चालण्याजोगी कडाच नाही हे दिसतं आणि माणूस मुकाट बसून राहतो. अशाच एका संध्याकाळी आमच्या पुढे एक टँकर होता. मागच्या बाजूला चौकट रंगवलेली. रसायनाचं नाव धुळीखाली गेलेलं, त्याखाली १७८९ हा आकडा, शेजारी तिरक्या चौकोनात हातावर आणि धातूच्या पट्टीवर थेंब पडत असल्याचं चित्र, आणि तळाशी दोन फोन नंबर. त्यातल्या दुसऱ्याचे शेवटचे आकडे कुणीतरी नवा रंग मारताना बुजवून टाकलेले.

“हे सतराशे एकोणनव्वद काय ओ, दादा?” रिक्षावाल्याने विचारलं. मला शाळेतलं फ्रेंच राज्यक्रांतीचं साल तेवढं आठवलं. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, ते हायड्रोक्लोरिक आम्ल. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत धोकादायक मालाला असे चार आकडी क्रमांक दिलेले आहेत, आणि टोरांटोत काय, नेवाळीत काय, क्रमांक तोच. रिक्षावाल्याचा दुसरा प्रश्न मात्र यादीत बसणारा नव्हता. “आणि सांडलं तर पळायचं कुठल्या बाजूला?”

नेवाळीच्या आसपासची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावं लोकलच्या वेळापत्रकात एकापाठोपाठ एक येतात, पण तिघांचं मूळ निरनिराळं. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर वसलेली सिंधी निर्वासितांची वस्ती. १९४९ साली तिला हे नाव मिळालं, तरी पत्ते आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असेच सांगितले जातात. अंबरनाथला १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर आहे, आणि त्याच्या अंगाला लागून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठाकाठाने पुढे कारखाने आले. बदलापूर कालपरवापर्यंत भातशेतीचं आणि कातकरी-ठाकूर वाड्यांच्या शेजाराचं गाव होतं. आज या तिन्ही ठिकाणचा माणूस एका गोष्टीत सारखा आहे. त्याच्या दारावरून काय वाहून नेलं जातं, हे त्याला सांगायची कुणाला गरज वाटत नाही.

कारखान्यात तयार होणारा घातक कचरा, म्हणजे रासायनिक गाळ, वापरून झालेली आम्लं, गाळपाचा चोथा, तळाशी राहिलेला डांबरट साका, कारखान्याला नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो रीतसर विल्हेवाटीच्या जागी पाठवावा लागतो. आमच्या भागासाठी ती जागा तळोज्याला आहे. म्हणजे कचऱ्याची वाट अंबरनाथ किंवा बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतून निघून खोणीवरून तळोज्याला जाते. या प्रवासाची कागदपत्रं २०१६ च्या घातक कचरा नियमांत इतक्या बारकाईने आखली आहेत की वाचताना कौतुक वाटतं. पिंपावरची चिठ्ठी झगझगीत पिवळी हवी, तिच्यावर ‘घातक कचरा’ आणि ‘सांभाळून हाताळा’ हे शब्द लाल अक्षरांत हवेत, तेही हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. चालकाजवळ अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅनिफेस्ट, म्हणजे मालाबरोबरचा कागद हवा, सात रंगांच्या सात प्रतींत.

या सात प्रतींचा प्रवास सांगण्यासारखा आहे. पांढरी प्रत कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवतो. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःजवळ ठेवतो. उरलेल्या पाच गाडीबरोबर निघतात. गाडी पोहोचली की गुलाबी प्रत कचरा घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला पोच म्हणून मिळते, हिरवी मंडळाकडे जाते, निळी मूळ कारखान्याकडे परत येते, आणि कचरा दुसऱ्या राज्यातला असला तर करडी त्या राज्याच्या मंडळाला जाते. वाटेत तिसरं राज्य लागत असेल तर तिथल्या मंडळालाही आधी कळवावं लागतं. पाठवणारा, नेणारा, घेणारा आणि देखरेख करणारा, असा प्रत्येकाला आपापला रंग आहे. ज्याच्या दारावरून गाडी जाते त्याच्यासाठी आठवा रंग नाही. नियम करणाऱ्यांनी त्याला वगळलं असंही म्हणता येणार नाही, कारण वगळायला आधी तो डोळ्यांसमोर यावा लागतो.

तो दिसतो, पण अपघात झाल्यावर. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका पहाटे उल्हासनगरात वडोलगावजवळ वालधुनीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं. झोपेतल्या लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे आवळले, उलट्या सुरू झाल्या. शंभराहून अधिक माणसं दवाखान्यात पोहोचली. त्या टँकरची पांढरी, पिवळी, गुलाबी अशी कुठलीच प्रत निघाली नसणार हे उघड आहे. चोरून ओतायला आलेला माणूस मॅनिफेस्ट भरत नाही. कायदेशीर विल्हेवाटीला पैसे पडतात, रात्रीचा नाला फुकट असतो.

आणखी एक प्रसंग आमच्या हद्दीबाहेरचा, पण आमच्याच वाटेचा आहे. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत पहाटे एका टँकरने नाल्यात रसायन सोडलं. त्यातून उठलेल्या वायूने जवळच्या गिरणीतले सहा कामगार मेले. तपासाचा धागा मागे मागे येत थेट तळोज्यापर्यंत पोहोचला. विल्हेवाटीची अधिकृत जागा ज्या गावात, त्याच गावातला माल शेकडो किलोमीटर प्रवास करून परराज्यातल्या नाल्याकडे गेला होता. त्या रस्त्यावरच्या किती गावांनी तो टँकर पाहिला असेल याचा हिशेब कुणी मांडत बसत नाही.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगितलं पाहिजे, कारण रिक्षावाल्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो सडक्या अंड्यासारखा वास मारतो हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण त्याचं प्रमाण वाढलं की तो वास घेणारी नसच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका टळला असं माणसाला वाटतं, तीच नेमकी जीवघेणी वेळ. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून नाल्याच्या पात्रातून, खोलगट गल्ल्यांतून सरपटत जातो. थंडीतल्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने ऊबदार असते, तेव्हा झाकण ठेवल्यासारखं होतं आणि वायू वर उठून पांगत नाही. वडोलगावची पहाट नोव्हेंबरची, सचिनची जानेवारीची. नाल्याकाठच्या तळमजल्यावर झोपणाऱ्या माणसाला एवढं कळलं असलं तर तो दार लावून बसणार नाही. पोरं उचलून गच्चीवर किंवा चढावाच्या बाजूला जाईल.

हे सगळं रसायनांचं झालं. मग अणुकचऱ्याचा विषय कशाला, असं कुणी विचारेल. घातक वस्तू रस्त्यावरून नेताना रस्त्यावरच्या माणसाला किती आणि कसं विचारावं, या प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त डोकेफोड अणुकचऱ्याच्या निमित्ताने झाली आहे, म्हणून. आणि तो विषय आपल्यापासून वाटतो तितका लांबही नाही. मुंबईच्या उत्तरेला पालघर जिल्ह्यात तारापूर आहे. १९६९ पासून तिथे वीज बनते. शिवाय वापरलेलं इंधन पुन्हा प्रक्रिया करून त्यातला कामाचा भाग वेगळा काढण्याचे कारखाने तिथे आहेत आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी अंश काचेत गोठवून ठेवण्याची सोयही तिथेच आहे. अणुभट्ट्या देशभर विखुरलेल्या आणि प्रक्रियेच्या जागा मोजक्या, तेव्हा वापरलेल्या इंधनाला प्रवास करावाच लागतो.

या इंधनाचं रूप समजून घ्यायला हवं, नाहीतर मनात हिरवा चकाकणारा द्रव येतो, सिनेमातला. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतलं इंधन म्हणजे हातभर लांबीची, नळ्यांची मोळी. एका मोळीत पंधरा किलोच्या आसपास युरेनियम असतं, तेही घन स्वरूपात, चिनी मातीसारख्या वड्यांमध्ये. भट्टीतून बाहेर आल्यावर ती काही वर्षं पाण्याच्या तलावात निववली जाते, मग जाड पोलादी पिंपात बंद करून पाठवली जाते. या पिंपांच्या कसोट्या जगभर सारख्याच आहेत, भारतात अणुऊर्जा नियामक मंडळही त्याच लावतं. नऊ मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, अजिबात न दबणाऱ्या पायावर आदळायचं. मग एक मीटरवरून पोलादी खुंटावर टाकायचं. मग आठशे अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवायचं. पाण्याची परीक्षा वेगळी. ब्रिटनमध्ये जुलै १९८४ मध्ये लोकांची खात्री पटावी म्हणून अशा एका पिंपावर ताशी शंभर मैलांच्या वेगाने आख्खी रेल्वेगाडी आदळवून दाखवली. इंजिनाचा चक्काचूर झाला, पिंप शाबूत राहिलं.

म्हणून एक गोष्ट आधीच मान्य करून टाकू. नेवाळी नाक्यावरचा आम्लाचा टँकर आणि अणुइंधनाचं पिंप समोरासमोर उभी केली, तर फुटण्याची भीती मला टँकरची जास्त वाटेल. त्याला कुणी तिसऱ्या मजल्यावरून टाकून पाहिलेलं नाही.

पण पिंप मजबूत आहे म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला विचारायची गरज संपली, हे काही पटत नाही. नियम असा आहे की अशा गाडीपासून दोन मीटरवर किरणोत्साराचा दर तासाला ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त असता कामा नये. निसर्गातून, जमिनीतून, आकाशातून आणि अन्नातून, माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे दर अगदी मर्यादेला टेकलेला धरला, तर दोन मीटरवर तासभर उभं राहणं म्हणजे पंधरा दिवसांचा नैसर्गिक वाटा एका तासात घेणं. घाबरण्यासारखं नाही, आणि गाडी चालती असेल तर संबंध दोन-चार सेकंदांचाच. आता ही गाडी काटई नाक्याच्या संध्याकाळच्या कोंडीत उभी आहे असं समजा. शेजारी दुचाकीवर गरोदर बाई आहे, पलीकडे भुट्टेवाला आहे, आणि तासभर काहीच हलत नाही. नकाशावर रस्ता आखणाऱ्याने वेग धरलेला असतो. नाक्यावरच्या माणसाने कोंडी धरलेली असते. दोघांतला कोण बरोबर, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

‘लोकांना सहभागी करून घेणं’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदात आला की मला जांभई येते. त्याचा अर्थ बहुधा एक फलक, एक सभा आणि चहा-बिस्किटं. पण रस्त्याच्या बाबतीत त्याचा अर्थ फार साधा आहे. रस्त्याचं पंचांग रस्त्यावरच्या माणसाकडे असतं. माघी पौर्णिमेला मलंगगडाची यात्रा असते आणि नेवाळीच्या पुढचा रस्ता माणसांनी भरतो. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराकडे रात्रीपासून रांगा लागतात. दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात आणि वाड्यांतली कातकरी कुटुंबं पोराबाळांसकट भट्टीवर, बहुतेकदा रस्त्यालगतच, झोपड्या टाकून राहतात. हे पावसाळ्यात पाहणी करणाऱ्या माणसाला दिसणार नाही. तो लिहून जाईल, ‘रस्त्यालगत वस्ती नाही’.

पाण्याचंही तसंच. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे चामटोलीजवळ पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी रात्रभर डब्यांत होते. सकाळी आपत्ती दलाच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टरं आली, आणि त्यांच्याबरोबर आसपासच्या गावांतली माणसंही कामाला लागली. त्या पट्ट्यात पाणी कुठून चढतं, कुठल्या बांधावरून माणूस चालवत नेता येतो, हे त्यांना बोटीवाल्यांपेक्षा आधी माहीत होतं. उद्या त्या लोहमार्गावरून किंवा शेजारच्या राज्यमार्गावरून काही धोकादायक न्यायचं ठरलं, तर २६ आणि २७ जुलै या तारखा ज्याच्या अंगावर काटा आणतात त्या माणसाला विचारणं हा उपकार नव्हे, अभियांत्रिकी आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या मिठाच्या थरांत अण्वस्त्रांच्या कारखान्यांतला कचरा पुरतात. पहिली गाडी लॉस अलामोसहून निघून २६ मार्च १९९९ रोजी तिथे पोहोचली. ती निघण्याआधी पश्चिमेकडच्या राज्यांनी केंद्राशी वर्षानुवर्षं घासाघीस केली होती. कुठल्या हवामानात गाडी थांबवायची, वाटेत सुरक्षित थांबे कुठे, उपग्रहावरून गाडीची जागा कुणाकुणाला दिसेल, वाटेवरच्या अग्निशामकांना आणि दवाखान्यांना शिकवायचा खर्च कोण करणार. सांता फे शहराच्या भर वस्तीतून हे ट्रक जाऊ नयेत म्हणून शहराला वळसा घालणारा रस्ता बांधला गेला. लॉस अलामोसकडून येणारी वाट प्वेब्लो आदिवासींच्या जमिनींतून जाते. त्यांच्याशी ऊर्जा खात्याने वेगळे करार केले, त्यांच्या लोकांना प्रशिक्षण आणि साधनं दिली. हे सगळं प्रेमापोटी झालं नाही. लोक कोर्टात गेले, राज्यं अडून बसली, तेव्हा झालं.

आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘हा सुरक्षेचा प्रश्न आहे, मार्ग जाहीर करता येत नाही.’ उत्तर खोटं नाही. वापरलेलं इंधन कुठल्या रात्री कुठून जाणार हे वर्तमानपत्रात छापावं असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने तर माहिती न देण्याचा अधिकारच सरकारला दिला होता. पण जाहीर करणं आणि कळवणं यांत फरक आहे. २०१२ साली अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नियम केला की वापरलेलं इंधन आणि काही प्रकारचा किरणोत्सारी कचरा आदिवासी राष्ट्रांच्या हद्दीतून जाणार असेल, तर त्या राष्ट्राच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला आगाऊ कळवायचं. त्याने ती माहिती गुप्त ठेवायची. राज्याच्या गव्हर्नरला जे कळतं ते त्यालाही कळेल, एवढीच गोष्ट. गुप्तता टिकली, आणि ज्याची जमीन त्याला पाहुण्याचं नाव आधी कळलं. आपल्याकडे तहसीलदारावर विश्वास ठेवता येतो, तर वाटेवरच्या ग्रामपंचायतीच्या एका शपथ घेतलेल्या माणसावर का नाही, याचं उत्तर मला कुठल्याही नियमावलीत सापडलेलं नाही.

कॅनडाची गोष्ट अजून गुंतागुंतीची आहे आणि आपल्याला जवळची, कारण राजस्थानातली आपली पहिली जड पाण्याची भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली. त्यांची इंधनाची मोळी आणि आपली मोळी बहिणी-बहिणीच. त्यांच्याकडे तीस लाखांहून जास्त वापरलेल्या मोळ्या साठल्या आहेत आणि त्या खडकात खोल पुरायच्या आहेत. जागा लादायची नाही, राजी असलेलं गाव शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. शोध चालला चौदा वर्षं. शेवटी ओंटारियो प्रांताच्या वायव्येला इग्नेस नावाच्या छोट्या गावात २०२४ च्या एप्रिलमध्ये कौल घेतला, ७७ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच परिसरातल्या वाबिगून लेक ओजिब्वे या आदिवासी राष्ट्राने नोव्हेंबरात स्वतःचं मतदान करून पुढे जायला संमती दिली, आणि २८ नोव्हेंबरला जागा ठरली.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, व्वा. पण मोळ्या सध्या आहेत तिथून इग्नेसपर्यंत शेकडो, काही ठिकाणांहून दीड हजारांहूनही जास्त किलोमीटर जायच्या आहेत. एका पिंपात १९२ मोळ्या, भरलेलं पिंप पस्तीस टन. १९२ ने तीस लाखांना भागून पाहा, किती फेऱ्या होतात ते. वाहतूक २०४० नंतर सुरू होऊन काही दशकं चालायची आहे, आणि तिकडच्या हमरस्त्याचा मोठा भाग दोनच मार्गिकांचा, हिवाळ्यात बर्फाने घसरडा, रात्री मूस नावाचं घोड्याएवढं हरीण मधे उभं राहतं. या रस्त्याकाठच्या गावांना मतदान नव्हतं. राजी व्हायचा मान टोकाच्या गावाला, वाटेवरच्यांना माहितीपत्रक. शेजारच्या ईगल लेक फर्स्ट नेशनने या निवडीला न्यायालयात आव्हान दिलं. इतक्या सभ्यपणे, इतकी वर्षं घालून केलेल्या प्रक्रियेतही आठवी प्रत राहूनच गेली. तरी त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. वाहतुकीचा आराखडा त्यांनी गाड्या सुटायच्या वीस वर्षं आधी लोकांसमोर ठेवला आहे. भांडायला वीस वर्षं मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडे भांडायला जेमतेम एक सुनावणी मिळते, तीही प्रकल्पाच्या जागेपुरती. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली. पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर हाती आला नाही ही गावकऱ्यांची तेव्हाची मुख्य तक्रार. त्या सुनावणीत मच्छीमार बोलले, आंबा बागायतदार बोलले. पण वापरलेलं इंधन उद्या तिथून बाहेर न्यायचं झालं तर ज्या घाटातून जाईल, त्या घाटाखालच्या गावांना बोलवायची तरतूदच नव्हती. तारापूरला तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. पुनर्वसनासाठी लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. जागेवरच्या माणसाचं हे असं होत असेल, तर वाटेवरच्याला कोण विचारतो, असा निराश प्रश्न मनात येतो खरा.

आदिवासींच्या बाबतीत तर नकाशाच आडवा येतो. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आवाज दिला आहे. पालघरचे डहाणू, जव्हार, मोखाड्यासारखे तालुके त्यात आहेत, ठाण्याचा शहापूर आहे, मुरबाडची काही गावं आहेत. अंबरनाथ तालुका नाही. म्हणजे मुरबाडच्या त्या गावांतल्या आदिवासीला कायद्याने ग्रामसभा विचारते, आणि टेकडी उतरून बदलापूरच्या बाजूला आलेल्या त्याच्याच भावाला कुणी विचारत नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक. बहुतेकांच्या नावावर जमीन नाही, म्हणून ‘बाधित’ या यादीत नाव लागत नाही. पण उल्हासच्या डोहात मासे-खेकडे धरणारे तेच, रस्त्याच्या कडेने मोळी घेऊन पहाटे चालणारे तेच. पाण्याचा रंग बदलला, मासा उलटा तरंगला, तर प्रयोगशाळेच्या आधी त्यांना कळतं. बारवी धरणाच्या पाण्यावर आमच्या औद्योगिक वसाहती चालतात. त्या धरणाची उंची वाढवताना काचकोली, मोहघर, तोंडलीसारख्या गावांना उठावं लागलं. ज्यांनी कारखान्याला पाणी दिलं, त्यांना कारखान्यातून काय बाहेर जातं तेवढं तरी कळावं.

विचारलं नाही की काय होतं, याचा एक नमुना त्याच नेवाळीला जून २०१७ मध्ये पाहायला मिळाला. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन आपल्याला परत मिळावी, असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांचा संताप रस्त्यावर आला, गाड्या जळल्या, मार्ग बंद पडला. सत्तर वर्षांपूर्वीचा न विचारलेला प्रश्न नाक्यावर उभा होता. असा इतिहास असलेल्या रस्त्यावरून उद्या कुणी लाउडस्पीकरवर ‘घाबरू नका, सगळं सुरक्षित आहे’ म्हणत आला, तर लोक आधी घाबरतील.

गंमत म्हणजे चौकट आपल्याकडे आहे. भोपाळनंतर, १९९६ साली, रासायनिक अपघातांसाठी नियम झाले. त्यांत प्रत्येक औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक आपत्ती गट आहे. त्यात प्रांताधिकारी, अग्निशामक, डॉक्टर, कारखानदार यांच्याबरोबर समाजातली माणसंही असावीत असं लिहिलं आहे. या गटाने आसपासच्या लोकांना शिकवायचं आणि दर सहा महिन्यांनी एक पूर्ण तालीम घ्यायची. हे सगळं मुख्यतः कारखान्याच्या कुंपणाभोवती गुंफलेलं आहे, रस्त्याभोवती कमी. पण तोच गट नाक्यावर आणता येईल. त्यात नेवाळीच्या रिक्षा स्टँडवरचा एक, वीटभट्टीवरचा एक, वडोलगावातली एखादी अंगणवाडी ताई आणि कॅम्पातला एखादा दुकानदार बसवता येईल. दुकानदार सिंधी-हिंदीत सांगेल, ताई मराठीत, भट्टीवरचा कातकरीत. त्यांना गाडीची तारीख नको. कोणत्या प्रकारचा माल या रस्त्याने जातो, त्याच्या चौकटीवरचा आकडा कसा वाचायचा, फोन कुणाला करायचा आणि कुठे जायचं, एवढं पुरे. बदल्यात ते रस्त्याचं पंचांग देतील. रात्री दोन वाजता नाल्याशी थांबणारा टँकरही बहुधा त्यांच्याच नजरेला पडेल. कारण तेव्हा जागे असतात ते रिक्षावाले आणि भट्टी लावणारे.

काही आठवड्यांनी त्याच स्टँडवर तोच रिक्षावाला भेटला. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, वाफ हवेपेक्षा जड, तेव्हा वाऱ्याच्या उलट दिशेला आणि चढावर जायचं. त्याने ऐकून घेतलं, बीडी विझवली आणि म्हणाला, “वारा त्या दिवशी कुठनं होता?” नाक्यावर सगळ्या पक्षांचे झेंडे फडकत होते, त्या संध्याकाळीही असतीलच. आम्ही दोघांनी तासभर टँकरकडे पाहिलं होतं, झेंड्यांकडे कुणीच पाहिलं नव्हतं.